चौदा नावं पाठ करू नकोस

पत्र :

'बाई, मी करवीर तालुक्यातल्या एका गावातून रोज बसनं कोल्हापूरला अकरावी सायन्सला येते. दहावी मराठी माध्यमातून झाली. बीजगणितात ४० पैकी ३७ होते. आता वर्गात फंक्शन्सचा धडा झाला आणि मला काहीच कळेनासं झालंय. कॉन्स्टंट, आयडेंटिटी, लिनिअर, क्वाड्रॅटिक, क्युबिक, पॉलिनॉमियल, रॅशनल, एक्स्पोनेन्शियल, लॉगॅरिदमिक, ट्रिगोनोमेट्रिक, मोड्युलस, सिग्नम, ग्रेटेस्ट इंटिजर, फ्रॅक्शनल पार्ट, अशी चौदा नावं मी कागदावर लिहून पाठ केली, तरी चाचणीत २५ पैकी ६ पडले. एफ(क्ष + १) काढा म्हटलं की माझं हमखास चुकतं. वर्गात सगळं इंग्रजीत चालतं, विचारायला धीर होत नाही. बाबा ऊस लावतात. ते म्हणाले, "झेपत नसंल तर गणित सोड की, नुसतं बायोलॉजी ठेव." बायोलॉजी मला ठीक वाटतं. पण गणित माझं आवडतं होतं. सोडू का? आणि सोडायचं नसेल तर इतकी फंक्शन्स लक्षात ठेवायची कशी? – अकरावीतली एक मुलगी'

बाळ,

'गणित माझं आवडतं होतं' हे तुझं वाक्य मी दोनदा वाचलं. त्यातल्या 'होतं' या शब्दानं मला हे उत्तर लिहायला बसवलं. सोडायचं की नाही ते शेवटी बोलू. आधी धडा.

ती चौदा नावं पाठ करणं आजपासून बंद कर. लग्न होऊन नव्या घरी आलेल्या मुलीला पहिल्याच दिवशी चाळीस नातेवाइकांची नावं सांगितली, तर तिचा गोंधळच होणार. महिन्याभरानं मात्र ती कुणाला चुकत नाही, कारण कोण पहाटे डेअरीला दूध घालायला जातं, कोण जेवताना बोलत नाही, कोण शब्दाला शब्द वाढवतं, हे तिनं पाहिलेलं असतं. फंक्शन्सचेही स्वभाव असतात. ते बघ, नावं मागून आपोआप येतील.

मी इथं क्ष आणि य लिहिते आहे, जुन्या मराठी पुस्तकांत असायचे तसे. तुझ्या पुस्तकातला एक्स म्हणजे क्ष आणि वाय म्हणजे य, एवढं धरून चाल.

मुळात फंक्शन म्हणजे काय, ते आपल्या पंचगंगेवरून बघू. पावसाळ्यात कोल्हापुरात कुणीही भेटलं की पहिला प्रश्न असतो, 'बंधाऱ्यावर पाणी किती?' राजाराम बंधाऱ्याला ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका, हे तुझे बाबा झोपेतसुद्धा सांगतील. आता एवढंच लक्षात घे, की वेळ सांगितली की पातळी ठरते. सकाळी आठ वाजता पाणी एकाच उंचीला असतं, एकाच क्षणी ३८ फूट आणि ४१ फूट असं होत नाही. प्रत्येक क्षला एक आणि एकच य, याला फंक्शन म्हणायचं. दुसरी काही अट नाही. ज्या ज्या वेळांसाठी आपल्याकडे नोंद आहे, त्या वेळा म्हणजे डोमेन. उत्तर म्हणून ज्या पातळ्या मिळाल्या, त्या म्हणजे रेंज.

आता तोच प्रश्न उलटा विचार: पाणी ३९ फुटांवर कधी होतं? २०१९ च्या ऑगस्टमध्ये पातळी ५५ फुटांच्या वर गेली होती. त्या दिवसांत मी पेपरातले आकडे घेऊन आलेख कागदावर टिंबं मांडत बसायचे. पाणी चढताना रेषेनं ३९ ओलांडले, आणि पूर ओसरताना पुन्हा एकदा ओलांडले. म्हणजे पातळी एक, पण वेळा दोन. म्हणून हे फंक्शन वन-वन नाही. म्हणूनच 'पातळी सांगतो, वेळ सांग' असं उलटं फंक्शन, इन्व्हर्स, यातून निघत नाही. पुस्तकातली उभ्या रेषेची आणि आडव्या रेषेची कसोटी म्हणजे हेच. उभी रेषा ही एक वेळ आहे, तिनं आलेखाला दोनदा छेदलं तर ते फंक्शनच नव्हे. आडवी रेषा ही एक पातळी आहे, तिनं दोनदा छेदलं तर फंक्शन आहे, पण वन-वन नाही. आणि ऑन्टो? उत्तरं ज्या संचातून यायची तो संच म्हणजे कोडोमेन, आणि त्यातलं प्रत्येक उत्तर मिळालं तर फंक्शन ऑन्टो. कोडोमेन म्हणून तू ० ते १०० फूट असं लिहिलंस, तर ७० फुटाला एकही वेळ सापडणार नाही, म्हणून ऑन्टो नाही. ऑन्टोचा प्रश्न आला की आधी कोडोमेन काय दिलं आहे ते वाच. त्याशिवाय त्या प्रश्नाला उत्तरच नसतं.

आता स्वभाव. प्रत्येक फंक्शनला मी एकच प्रश्न विचारते: क्ष एक पाऊल पुढे गेला, की य काय करतो?

वहीत तीन ओळी लिही. क्ष म्हणून ०, १, २, ३, ४ घे. पहिलं फंक्शन ३क्ष + २. उत्तरं येतात २, ५, ८, ११, १४. प्रत्येक पावलाला तीनच वाढले. दुसरं क्ष². उत्तरं ०, १, ४, ९, १६. वाढ झाली १, ३, ५, ७. वाढ सारखी नाही, पण वाढीची वाढ सारखी आहे, दरवेळी दोन. तिसरं, २ चा क्ष घात. उत्तरं १, २, ४, ८, १६. वाढ किती? १, २, ४, ८. म्हणजे वाढीची ओळ पुन्हा तीच ओळ! इथं य बेरजेनं पुढे जात नाही, गुणाकारानं जातो. पहिलं लिनिअर, दुसरं क्वाड्रॅटिक, तिसरं एक्स्पोनेन्शियल. या तीन ओळी तू स्वतःच्या हातानं लिहून काढल्यास, तर त्यांचे स्वभाव तुला परत कुणी शिकवावे लागणार नाहीत.

यातलं नवीन काय आहे सांग? २, ५, ८, ११ ही तर दहावीतली अंकगणिती श्रेढी. लिनिअर फंक्शनला नैसर्गिक संख्यांपुरतं बांधलं की श्रेढी मिळते, श्रेढीतला फरक म्हणजेच रेषेचा चढ. सरळव्याज आणि चक्रवाढव्याज तू आठवीपर्यंतच शिकलीस. १०,००० रुपये ८ टक्क्यांनी ठेवले तर सरळव्याजानं १०,८००, ११,६००, १२,४०० होतात. चक्रवाढीनं १०,८००, ११,६६४, १२,५९७ आणि वर काही पैसे. पहिली ओळ लिनिअर, दुसरी एक्स्पोनेन्शियल. सुरुवातीला दोन्ही हातात हात घालून चालतात, म्हणून माणूस फसतो. नवव्या वर्षाअखेर चक्रवाढीचे जवळपास दुप्पट, १९,९९० झालेले असतात आणि सरळव्याजाचे १७,२००.

आता बाबांनी तुला विचारलं, 'किती वर्षांत दुप्पट होतील?' तर तू लॉगॅरिदमचा प्रश्न ऐकते आहेस. वर्षं दिली आणि रक्कम विचारली तर एक्स्पोनेन्शियल, रक्कम दिली आणि वर्षं विचारली तर लॉग. पुराच्या पातळीचं फंक्शन उलटवता येत नव्हतं, हे येतं, कारण हे सतत चढतच जातं, एका रकमेला एकच वेळ. नेपियरनं १६१४ मध्ये लॉगची कोष्टकं छापली ती मोठमोठ्या गुणाकारांचा जाच कमी करायला. फिजिक्स-केमिस्ट्रीच्या तासाला तू जे लॉगटेबल उघडतेस, ते त्याच घराण्यातलं. केमिस्ट्रीत पीएच ७ वरून ६ झाला की आम्लता १० पट वाढते. लॉगमध्ये एक पाऊल म्हणजे बाहेरच्या जगात दहा पट. शून्याचा किंवा ऋण संख्येचा लॉग का निघत नाही, तेही आता बघ. दोनचा कुठलाही घात घे, उत्तर शून्य किंवा ऋण येतच नाही. ज्या दारातून कुणी बाहेर पडलंच नाही, त्या दारातून आत कोण परत येणार?

क्वाड्रॅटिकवर तर तू दहावीत महिनाभर घालवला आहेस. तेव्हा आपण वर्गसमीकरणाची मुळं काढत होतो. आता तीच मुळं म्हणजे आलेख क्ष-अक्षाला जिथं छेदतो ती ठिकाणं. विवेचक धन असेल तर दोन ठिकाणी छेदतो, शून्य असेल तर नुसता टेकून परत फिरतो, ऋण असेल तर अक्षाला शिवतच नाही. मला नेहमी वाईट वाटतं की दहावीत सूत्र पाठ होतं आणि हे चित्र मात्र मुलांच्या डोळ्यांसमोर येत नाही. तू आज क्ष² − ४क्ष + ३ चा आलेख काढ. १ आणि ३ ला छेदेल, आणि बरोबर मधोमध, २ ला, सगळ्यात खाली जाईल.

मोड्युलस म्हणजे नववीतलं केवलमूल्य, आणि केवलमूल्य म्हणजे अंतर. राजारामपुरीच्या गल्ल्यांना नंबर आहेत. तू सातव्या गल्लीच्या तोंडाशी उभी आहेस असं समज. क्षव्या गल्लीपर्यंत किती गल्ल्या चालायच्या? |क्ष − ७|. चौथी गल्ली तीन गल्ल्या लांब, दहावीही तीन गल्ल्या लांब. आलेख इंग्रजी व्ही अक्षरासारखा, टोक सातवर. |क्ष − ७| = ३ हे गणित आलं की दोन बाजू मांडत बसण्याआधी मनात राजारामपुरीत जाऊन उभी राहा. उत्तरं दोन का, ते दिसेल. आणि |क्ष − ७| = −२ ला उत्तर का नाही, तेही दिसेल, कारण उणे दोन गल्ल्या कुणी चालत नाही.

ग्रेटेस्ट इंटिजरला मुलं घाबरतात, पण वयाच्या बाबतीत आपण सगळे तेच वापरतो. सोळा वर्षं अकरा महिने झाले तरी फॉर्मवर सोळाच लिहायचं. चूक होते ती ऋण संख्येला. [−२.३] म्हणजे −२ नव्हे, −३. संख्या स्वतः पूर्णांक नसेल तर संख्यारेषेवर डावीकडे जो पहिला पूर्णांक सापडेल तो घ्यायचा, आणि −२.३ च्या डावीकडे −३ आहे. त्या पूर्णांकाच्या पुढे जे उरलं ते फ्रॅक्शनल पार्ट: −२.३ वजा −३, म्हणजे ०.७. ते कधीच ऋण नसतं आणि कधीच एक होत नाही. आलेख पायऱ्यांचा का, ते राधानगरीला विचार. भोगावतीवरच्या त्या धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत, आणि एक दरवाजा उघडला की १,४२८ क्युसेक पाणी सुटतं, दोन उघडले की २,८५६, सातही उघडले की ९,९९६. दीड दरवाजा अशी बातमी तू कधी वाचली आहेस? पाणी धरणात थेंबाथेंबानं चढतं, पण दरवाज्यांतला विसर्ग एकदम उडी मारतो. पुढच्याच धड्यांत कंटिन्युइटी, म्हणजे आलेखाचा सलगपणा, येईल, तेव्हा ही उडी आठव.

आता तुझ्या घरातलं फंक्शन. बाबा उसाची एफआरपी, म्हणजे कारखान्यानं शेतकऱ्याला द्यायचा किमान दर, रोज बोलत असतील. २०२४-२५ च्या हंगामासाठी केंद्रानं ठरवलेला दर असा होता: साखर उतारा, म्हणजे उसाच्या वजनाच्या किती टक्के साखर निघते ते, १०.२५ टक्के असेल तर क्विंटलला ३४० रुपये. त्यावर प्रत्येक ०.१ टक्का उताऱ्याला ३.३२ रुपये जास्त, खाली गेला तर तितकेच कमी. पण उतारा ९.५ किंवा त्याहून कमी असेल, तर ३१५.१० रुपयांच्या खाली जायचं नाही. उताऱ्याला क्ष म्हण आणि दराला य. क्ष ९.५ च्या पुढे असेल तर य = ३४० + ३३.२ × (क्ष − १०.२५). नसेल तर य = ३१५.१०. झालं, याला पीसवाइज फंक्शन म्हणतात. उतारा १२ टक्के धरलास तर ३४० + ३३.२ × १.७५ म्हणजे ३९८.१० रुपये क्विंटल, टनाला ३,९८१. त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते ते बाबा तुला सांगतीलच. आपल्या भागात उतारा साधारणपणे ९.५ च्या बराच वर असतो, म्हणून आपल्याला या आलेखाची फक्त चढती बाजू माहीत असते. आडवी बाजू कमी उताऱ्याच्या भागातल्या शेतकऱ्यासाठी ठेवलेली आहे. ९.५ ला दोन्ही सूत्रं एकच दर देतात का, ते करून बघ: ३३.२ × ०.७५ = २४.९, आणि ३४० − २४.९ = ३१५.१०. देतात. म्हणजे इथं राधानगरीसारखी उडी नाही, नुसता कोपरा आहे. उडी आणि कोपरा यांतला हा फरक तुला बारावीपर्यंत पुरणार आहे.

'एकाच फंक्शनला दोन सूत्रं कशी?' असं तुला वाटलं असेल तर लाजू नकोस. एफ(क्ष) ही लिहायची पद्धत ऑयलरनं १७३४ च्या सुमारास वापरली, आणि त्या काळात मोठमोठे गणिती फंक्शन म्हणजे एक सूत्रच समजत. डिरिक्लेनं १८३७ मध्ये स्पष्ट मांडलं, की प्रत्येक क्षला एक ठरलेला य मिळाला की पुरे, सगळीकडे एकच नियम लागू असण्याची गरज नाही. तुला तीन आठवड्यांत जे पचायला हवं, त्याला जगाला शंभर वर्षं लागली.

ट्रिगोनोमेट्रिकसाठी अंबाबाईच्या देवळात जा. किरणोत्सवात मावळतीची किरणं महाद्वारातून थेट गाभाऱ्यात येतात, परंपरेनं ९, १०, ११ नोव्हेंबरला आणि पुन्हा ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला. वर्षातून दोनदा का? सूर्य मावळण्याची जागा डिसेंबरच्या २१-२२ पर्यंत दक्षिणेकडे सरकते आणि मग परत फिरते. १० नोव्हेंबर ते २१ डिसेंबर ४१ दिवस, २१ डिसेंबर ते १ फेब्रुवारी ४२ दिवस. त्या टोकाच्या दिवसाच्या दोन्ही बाजूंना सारख्याच अंतरावर सूर्य त्याच जागी मावळतो, आणि किरणं तीच वाट धरतात. साइन ३० अंश आणि साइन १५० अंश सारखे का, याचं उत्तर हेच आहे, दोन्ही ९० पासून ६० अंश लांब. आणि एक वर्षानं सगळं पुन्हा तसंच, म्हणून पिरिऑडिक. ज्यांनी ते देऊळ बांधलं त्यांना हे फंक्शन आपल्यापेक्षा नीट कळलं होतं, असं मला दर नोव्हेंबरात वाटतं.

उरलेली पटकन. रॅशनल म्हणजे छेदात क्ष. भांगलणीला ६ बायकांना ४ दिवस लागले तर क्ष बायकांना २४/क्ष दिवस, हे आठवीतलं व्यस्त चलन. छेद शून्य करणारा क्ष डोमेनमधून काढून टाकायचा, एवढं सांभाळ. सिग्नम फक्त धन, शून्य की ऋण एवढंच सांगतो: १, ० किंवा −१. कॉन्स्टंट जागचा हलत नाही, आयडेंटिटी जे देशील तेच परत देतं. क्युबिकच्या ओळीत तिसऱ्यांदा फरक काढलास की सारखा येतो, करून बघ.

आणि आता ते, जे तुझं हमखास चुकतं. तू बहुतेक असं करतेस: एफ(क्ष) = क्ष² + ३क्ष दिलं, तर एफ(क्ष + १) = क्ष² + ३क्ष + १. शेवटी एक चिकटवून देतेस. चाळीसातली तीस मुलं हेच करतात, कारण एफच्या पुढचा कंस त्यांना गुणाकाराचा वाटतो किंवा शोभेचा. तो कंस म्हणजे ऊस पिळायच्या चरकाचं तोंड आहे. जे तोंडात घालशील ते सगळं पिळून निघालं पाहिजे, बाहेर ठेवून चालत नाही. म्हणून आधी क्षच्या जागी नुसता रिकामा कंस लिही: ( )² + ३( ). मग दोन्ही कंसांत क्ष + १ भर. (क्ष + १)² + ३(क्ष + १), म्हणजे क्ष² + ५क्ष + ४. पटत नसेल तर क्षला २ कर. एफ(३) = ९ + ९ = १८. बरोबर उत्तरात २ घातलं तर ४ + १० + ४ = १८. तुझ्या जुन्या उत्तरात घातलं तर ११. हा ताळा अर्ध्या मिनिटाचा आहे, पेपरात दरवेळी कर.

आता मी तुला तो एकच प्रश्न का विचारायला लावला, ते सांगते. 'क्ष एक पाऊल पुढे गेला, की य काय करतो?' हे चिन्हांत लिहिलं तर काय होतं? एफ(क्ष + १) − एफ(क्ष). ३क्ष + २ साठी ते ३ येतं. क्ष² साठी २क्ष + १ येतं, त्यात ०, १, २, ३ घाल, १, ३, ५, ७ मिळतील. २ च्या क्ष घातासाठी तेच फंक्शन परत येतं. तुझ्या वहीतल्या तीन ओळी या एका चिन्हात बसल्या. जिथं तू अडखळत होतीस, तीच या धड्याची किल्ली आहे, बाळ. पुढे पाऊल एकाऐवजी एच एवढं लहान होईल, त्या वाढीला एचनं भागतील, आणि एच शून्याकडे नेला की त्याचं नाव डेरिव्हेटिव्ह पडेल. तुझ्या पुस्तकाच्या याच दुसऱ्या भागात तो धडा आहे.

फंक्शनच्या पोटात फंक्शन आलं तरी चरकच आठव. गुऱ्हाळात आधी रस निघतो, मग तो काहिलीत उकळतो. उलटं करून गूळ मिळत नाही. एफ(क्ष) = २क्ष + ३ आणि जी(क्ष) = क्ष². दोनवर आधी जी, मग एफ केलं तर ११. आधी एफ, मग जी केलं तर ४९. आतल्या कंसापासून सुरू कर.

भाषेबद्दल. तुला गणित येत नाही असं नाही, तुझ्या ओळखीची माणसं इंग्रजी कपडे घालून आली आहेत. वहीच्या मागे एक पान राखून ठेव: पॉलिनॉमियल म्हणजे बहुपदी, डिग्री म्हणजे कोटी, कोइफिशंट म्हणजे सहगुणक, डिस्क्रिमिनंट म्हणजे विवेचक, एक्स्पोनंट म्हणजे घातांक, रूट म्हणजे मूळ, ग्राफ म्हणजे आलेख. रोज दोन-तीन शब्दांची भर पडेल, आणि त्यातले निम्मे तुला नववीपासून येत असतील. आणि सरांना मराठीत विचार. तास संपल्यावर दारात गाठ आणि 'सर, ही पायरी परत सांगता का?' एवढंच म्हण. तीस वर्षं शिकवल्यावर सांगते, असं विचारायला आलेल्या मुलीचा मला कधी राग आला नाही. न विचारता मागच्या बाकावर विझत गेलेल्या मुली मात्र अजून आठवतात.

रोज एक फंक्शन घे, एकच. क्ष −३ पासून ३ पर्यंत कोष्टक, आलेख कागदावर टिंबं, हातानं रेषा. मोबाइलवर आलेख लगेच काढून मिळतो, पण तो आधी बघू नकोस, स्वतःचा काढल्यावर ताळ्यासाठी बघ. टिंबं मांडताना हात थांबतो तिथंच कळतं, की इथं छेद शून्य झाला किंवा इथं उडी आहे.

आता बाबांचा प्रश्न. बायोलॉजी तुला मनापासून आवडत असेल, नर्सिंग, मेडिकल, असं काही डोळ्यांसमोर असेल, तर गणित सोडण्यात काही कमीपणा नाही. मी स्वतः तुझ्या बाजूनं बोलेन. पण तू लिहिलंस, 'ठीक वाटतं.' ठीक वाटणाऱ्या विषयासाठी आवडता विषय सोडायचा, तोही एका धड्याच्या एका चाचणीवरून, हे मला पटत नाही. इंजिनिअरिंगची वाट उघडी ठेवायची असेल तर सीईटीत गणिताचे ५० प्रश्न १०० गुणांचे असतात, आणि अकरावीचा त्यातला वाटा साधारण २० टक्केच. म्हणजे हा धडा आज कच्चा राहिला म्हणून सगळं गेलं असं होत नाही. मात्र बारावीचं अर्धं गणित याच धड्याच्या पायावर उभं आहे, म्हणून तो तसाच सोडून पुढे जाऊ नकोस. चार आठवडे मागून घे बाबांकडून. तेवढ्यात रोज एक आलेख झाला तर अठ्ठावीस होतात. त्यानंतरच्या चाचणीत किती पडले यापेक्षा, वही उघडताना पोटात गोळा येतो का, ते बघ आणि मग ठरव.

बाबा गणित सोड म्हणाले ते तुझा त्रास बघवला नाही म्हणून, एवढं मला त्या एका ओळीतूनही कळलं. त्यांच्याशी वाद घालू नकोस. एके दिवशी जेवणं झाल्यावर आलेख कागद घेऊन त्यांच्याजवळ बस. आडव्या अक्षावर उतारा, उभ्यावर दर. १०.२५ ला ३४० चं टिंब तू मांड, १२ ला ३९८ चं तू मांड, रेषा जोड. मग पेन्सिल त्यांच्या हातात दे आणि विचार, उतारा ९ वर आला तर ही रेषा कुठं जाईल. त्यांनी काढलेली रेषा मला पुढच्या पत्रासोबत पाठव.